गेट चार बंद

४ सप्टेंबर, सकाळ
आजपासून रोजनिशी. कर्तबगार माणसं लिहितात असं वाचलंय. शिवाय आज निमित्तही आहे. कालपर्यंत मी विमानतळाचा सहायक अधिकारी (गटारे). आजपासून व्यवस्थापक, वादळजल. शब्द मीच शोधला. डायरेक्टरसाहेबांना विचारलं, ते फोनवर होते, त्यांनी मान हलवली. होकारार्थीच हलवली.

रात्री. घरी सांगितलं. बायको म्हणाली, काम तेच ना, गटारांचं? मी समजावलं. गटारात घाण असते. वादळजल म्हणजे विमानतळावर पडलेला पाऊस. त्यात विमानांचं इंधन, टायरची काजळी, धुण्याचा साबण असं थोडंफार मिसळतं आणि ते सगळं समुद्राकडे जातं. ती म्हणाली, म्हणजे गटारच. पुन्हा कधीतरी सांगू.

संकल्प: खाडीत तेलाचा थेंब जाऊ द्यायचा नाही. पोट कमी करायचं. रोज लिहायचं.

६ सप्टेंबर
दुसऱ्याच दिवशी लिहायचं राहिलं. पण आज लिहिण्यासारखं आहे. मेहुणा जेवायला आला होता, बायकोचा धाकटा भाऊ. आमचा नाला खाडीला जिथं मिळतो त्याच्या जरा पुढे त्याची शिंपल्यांची शेती आहे. पाण्यावर बांबूचे तराफे, तराफ्यांना लोंबते दोर, दोरांना शिंपल्या. गेल्या वर्षी त्या शिंपल्यांना रॉकेलचा वास आला आणि तपासणीवाल्यांनी सगळा माल खड्ड्यात पुरायला लावला. तेव्हापासून पोरगा कमी बोलतो.

या वर्षीचा माल नोव्हेंबरात निघेल. म्हणाला, भाऊजी, याही खेपेला गेलं तर तराफे विकायचे आणि कुठंतरी हमाली धरायची, दुसरं काही उरलेलं नाही. बायको माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, अरे मी आहे ना. विभाग आता माझ्या हातात आहे. नोव्हेंबरात आमच्या नाल्याच्या तोंडाशी उभा राहतो आणि पेलाभर पाणी सगळ्यांदेखत पिऊन दाखवतो.

तो म्हणाला, पिऊ नका, दार तेवढं वेळेवर बंद करा.

त्याची झेप बेताची. मन मात्र चांगलं आहे.

११ सप्टेंबर
जातीने पाहणी केली. रचना अशी: विमानं उभी राहतात त्या सिमेंटच्या चौकावरचं पाणी नाल्याने तलावात येतं, तिथं गाळ खाली बसतो, वरचं पाणी खाडीत जातं. वाटेत चार लोखंडी दारं. साध्या पावसात चारही उघडी. कुठं इंधन सांडलं की चौथं बंद करायचं. म्हणजे तेल तलावातच अडकतं आणि मग टँकर ते ओढून घेतो. झालं. मला वाटलं होतं यात डोकं लावावं लागेल.

तलाव फार रुक्ष दिसतो. ठरवलं: काठाने लव्हाळी, मध्ये कमळं. पाणी नैसर्गिकरीत्या शुद्ध होईल आणि फोटो चांगला येईल.

पोटाचं उद्यापासून.

२० सप्टेंबर
लव्हाळी लागली. कमळंही. अर्धा तास तिथं खुर्ची टाकून बसलो. अशी कामं माणसाच्या मागे राहतात.

२५ सप्टेंबर
तलावावर बगळे आले. हा तर पुरावाच. बगळा घाण पाण्यात पाय घालत नाही. (घालत असेल, पण हे तसे दिसत नव्हते.) धावपट्टीवर फटाके वाजवून पक्षी हाकलायची ज्याची नोकरी आहे तो माणूस लांब उभा राहून माझ्याकडे बघत होता. तोंड वाकडं. दुसऱ्याचं चांगलं झालेलं काही लोकांना बघवत नाही.

२८ सप्टेंबर
एका वैमानिकाने लेखी तक्रार केली. बगळा काचेसमोरून गेला म्हणे. गेला ना? आपटला तर नाही. दुपारपर्यंत लव्हाळी उपटली, कमळं उपटली, तलावावर जाळं टाकलं. मीटिंगमध्ये मी म्हटलं की जाळ्याची कल्पना मूळ माझीच. कोणी खोडून काढलं नाही.

बायकोला कमळं घरी आणून दिली. ती म्हणाली, यांना गॅरेजचा वास येतोय.

३ ऑक्टोबर
आज फार मोठी नामुष्की झाली. माझी नाही, आमच्या नाल्यावरच्या फिटरची.

डायरेक्टरसाहेबांच्या गाडीतून मी अख्ख्या परिसराचा राउंड घेत होतो. माझा रेडिओ मांडीवर. एकाएकी फिटरचा आवाज: सासूबाई अडकल्यात, पहार घेऊन या. मग दुसरा कोणीतरी: जोरात हाणू नका, खालून उचला. पुन्हा फिटर: एकदा चांगलं ग्रीस लावा त्यांना, रोजची कटकट आहे.

साहेबांनी गाडी थांबवली. त्यांच्या सासूबाई दुपारच्या विमानाने येणार होत्या.

चौकशी केली तेव्हा कळलं. आमच्या चारही दारांना या लोकांनी नावं ठेवलीत. पहिलं ढेरी, कारण मधेच फुगलंय. दुसरं कुरकुरी. तिसरं लंगडी. आणि चौथं सासूबाई, कारण एकदा तोंड मिटलं की उघडायला दोन माणसं लागतात. वर्षानुवर्षं हे असंच चाललंय आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही.

साहेब म्हणाले, हे काय चाललंय तुमच्या विभागात? 'तुमच्या विभागात.' म्हणजे विभाग माझा हे त्यांनी मान्य केलं. तेवढी एक जमेची बाजू.

४ ऑक्टोबर
बारसं केलं. गेट एक, गेट दोन, गेट तीन, गेट चार. निळ्या पाट्या, पांढरी अक्षरं. टर्मिनलच्या पाट्या रंगवणाऱ्याकडूनच करून घेतल्या, म्हणजे सगळीकडे एकच शिस्त दिसेल. हुबेहूब तशाच झाल्यात. आंतरराष्ट्रीय वाटतं.

कंट्रोलरूमच्या बाईंनी शंका काढली. विमानतळावरचा प्रत्येक रेडिओ आणि फोन त्यांच्याकडे जोडलेला, त्यामुळे त्यांना शंका काढायची सवय. म्हणाल्या, साहेब, प्रवासी विमानात चढतात ती गेटंही एक ते नऊ आहेत. उद्या कोणी गेट चार म्हटलं तर कोणतं समजायचं?

मी म्हटलं, संदर्भावरून कळतं.

त्या म्हणाल्या, कोणाच्या? 'पाण्याचं गेट चार' म्हटलं तर नाही का चालणार?

मी त्यांना शांतपणे सांगितलं की आणीबाणीत जास्तीचा शब्द म्हणजे वाया गेलेला वेळ. नियमच करून टाकला: संदेश तीन शब्दांचा. गेट, आकडा, आणि बंद किंवा उघडा. सासूबाई म्हणताना कोणी सापडला तर मेमो.

त्यांनी नियम वहीत उतरवून घेतला. पटलं असणार.

९ ऑक्टोबर
फिटर रेडिओवर म्हणाला, सासू... गेट चारला ग्रीस लावलं. सुधारणा आहे. तरी मेमो दिला. नियम म्हणजे नियम.

१३ ऑक्टोबर
सराव झाला. समजा, इंधन सांडलंय. मी स्वतः दाराशेजारी उभा राहिलो, फिटर पुढ्यात. रेडिओ तोंडाशी धरून म्हटलं, गेट चार बंद. त्याने बंद केलं. विक्रमी वेळ. फिटर म्हणाला, साहेब, तुम्ही इथंच होतात म्हणून बरं. मी म्हटलं, नेतृत्व म्हणतात ते हेच.

२४ ऑक्टोबर
मेहुण्याचा पहिला नमुना तपासणीत पास. संध्याकाळी पातेलंभर शिंपल्या घेऊन आला. एक उघडून मला दाखवली, आत केशरी मांस, टपोरं. वास फक्त समुद्राचा. किती दिवसांनी हसताना बघितला त्याला. म्हणाला, भाऊजी, तुमच्यामुळे. मी म्हटलं, छे रे, यंत्रणा. बायकोने न मागता दुसऱ्यांदा वाढलं आणि जेवताना माझ्या शेजारी बसली. असं तिने बऱ्याच वर्षांत केलं नव्हतं.

खूप बरं वाटलं. पोटाचं पुढच्या महिन्यात बघू.

६ नोव्हेंबर
स्वच्छ किनाऱ्याच्या पुरस्काराची समिती गुरुवारी येतेय. नाल्याच्या तोंडाशी पेलाभर पाणी प्यायचा कार्यक्रम तेव्हाच करू. त्यासाठी नक्षीचा काचेचा पेला आणला. आरशासमोर हातात धरून भाषण म्हटलं. बायको दारात उभी होती. म्हणाली, पेल्यातलं वादळ म्हणतात ते हेच का?

मेहुण्याचा माल पुढच्या आठवड्यात निघतोय. व्यापारी ठरला.

९ नोव्हेंबर, संध्याकाळ
आजचा दिवस सविस्तर लिहून ठेवायलाच हवा.

सकाळपासून धो धो पाऊस. समिती कॉन्फरन्स हॉलमध्ये. मी पडद्यावर तलाव दाखवतोय, तोच रेडिओ खरखरला. इंधन भरताना नळी सुटली, बरंच सांडलंय, पावसाबरोबर नाल्यात चाललंय. दुसरा कोणी असता तर गांगरला असता. मला वाटलं, देवानेच प्रात्यक्षिक लावून दिलं. समितीसमोर रेडिओ उचलला आणि अगदी शांत आवाजात म्हटलं, गेट चार बंद.

कंट्रोलवर आज बाई नव्हत्या, रजेवर होत्या, त्यांच्या जागी नवा माणूस. पण काय चपळ. लगेच म्हणाला, गेट चार बंद, ओके. आणि मिनिटाभरात अख्ख्या इमारतीच्या लाउडस्पीकरवर घोषणा: प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं, गेट क्रमांक चार बंद करण्यात आलं आहे.

माझ्या अंगावर काटा आला. एवढी घोषणा करा असं मी सांगितलंही नव्हतं. समितीला म्हटलं, आमच्याकडे पाण्याच्या बाबतीत काही लपवाछपवी नाही, नाल्याचं दार बंद केलं तरी प्रवाशांना कळवतो. अध्यक्षबाईंनी ते लिहून घेतलं.

त्यानंतर खालून आरडाओरडा ऐकू येत राहिला. कोणीतरी काच बडवत होतं. अध्यक्षबाईंनी विचारलं, काय झालं? मी म्हटलं, प्रवाशांना शिस्त नाही हो. जिन्यात डायरेक्टरसाहेब धावताना दिसले. मी नमस्कार केला, त्यांचं लक्ष नव्हतं.

पावसामुळे पेल्याचा कार्यक्रम राहिला. पेला बॅगेतच आहे.

मेहुण्याचा फोन आला होता. इंधन सांडल्याचं त्याच्याही कानावर गेलं होतं. म्हणाला, मित्राची होडी आहे, भरतीच्या आत तराफे ओढून पलीकडच्या अंगाला नेता येतील, नेऊ का? मी म्हटलं, अजिबात नको, पावसात कशाला भिजतोस. दार बंद झालंय, मी माझ्या कानांनी ऐकलंय. तो म्हणाला, नक्की ना? मी म्हटलं, अरे, लाउडस्पीकरवर सांगितलं.

१० नोव्हेंबर
गेट चार बंद झालं होतं. प्रवाशांचं.

विमान उभं, प्रवासी काचेच्या अलीकडे, आणि दाराला कुलूप. त्यांचं विमान अर्धं रिकामं उडालं.

पाण्याचं गेट चार उघडंच होतं. फिटर शेडमध्ये होता. त्याने कंट्रोलला विचारलं होतं, आमचं गेट चार का? नवा माणूस म्हणाला, बंद झालंय, घोषणापण झाली. फिटरला वाटलं, दुसऱ्या पाळीवाल्याने केलं असेल. जास्तीचं काही बोलायची त्याची हिंमत झाली नाही. मेमो होता ना.

अहवाल लिहिला. 'यंत्रणेने आदेशाचं तत्परतेने पालन केलं. केवळ गेट भिन्न होतं.' नव्या माणसाची संदर्भ ओळखण्याची क्षमता कमी पडली, हेही नमूद केलं. बाई रजेवर गेल्या, हेही.

मेहुण्याला फोन करायचाय. उद्या करतो. आधी नीट माहिती घ्यावी.

११ नोव्हेंबर
मेहुणाच आला. बूट काढले नाहीत, बसला नाही. पिशवीतून स्टीलचा पेला काढून टेबलावर ठेवला, काठोकाठ भरलेला. खाडीचं पाणी. वर रंगीत तवंग, फिरत होता. म्हणाला, भाऊजी, पेलाभर म्हणाला होतात. आणि गेला.

सगळ्या घरात पेट्रोलपंपाचा वास. मी बायकोला म्हटलं, एका पेल्यावरून शास्त्रीय निष्कर्ष काढता येत नाही. तिने खिडकी उघडली. मग म्हणाली, त्याने विचारलं होतं ना तुम्हाला, तराफे नेऊ का म्हणून?

मी अहवालाची प्रत शोधायला आतल्या खोलीत गेलो.

१३ नोव्हेंबर
नमुना नापास. आज माल पुरला. बायको गेली होती. मीही जाणार होतो, पण मीटिंग होती.

मीटिंग नव्हती.

पेला अजून टेबलावरच आहे. ती उचलत नाही. मला उचलायला सांगत नाही.

१७ नोव्हेंबर
समितीचं पत्र. पुरस्कार नाही, पण विशेष उल्लेख आहे: 'पाणी व्यवस्थापनाबाबत प्रवाशांना तत्काळ माहिती देण्याच्या अभिनव प्रथेबद्दल.' सोबत फ्रेम केलेलं मानपत्र. शेवटी कोणीतरी दखल घेतली.

घरी आणलं. बायकोने ते टेबलावर आडवं ठेवलं आणि त्यावर तो पेला ठेवला. म्हणाली, टेबलाला डाग पडतोय.

२२ नोव्हेंबर
मेहुण्याने तराफे विकले. विमानतळावर नाल्याच्या टोळीत माणूस हवा होता, तिथं लागला. मी लावून दिलं.

तसं मी लावून दिलं असं नाही. त्याने फिटरला विचारलं, फिटरने घेतलं. मला टोळी सकाळी हजेरीला उभी राहिली तेव्हा कळलं. मी म्हटलं, अरे, काही लागलं तर सांग. तो म्हणाला, हो साहेब.

साहेब म्हणाला.

२७ नोव्हेंबर
पाट्या काढल्या. डायरेक्टरसाहेबांचा हुकूम: जुनीच नावं चालू द्या. ढेरी, कुरकुरी, लंगडी. चौथ्याचं नाव मात्र बदला म्हणाले. त्यांच्या सासूबाई अजून गेलेल्या नाहीत.

मी 'सागररक्षक' सुचवलं. कंट्रोलच्या बाई म्हणाल्या, ज्यांना हाक मारायची आहे त्यांनाच ठरवू द्या. त्यांना शंका काढायची सवय आहेच, आता सल्लेही सुरू झाले. साहेब हो म्हणाले. आणि मला म्हणाले, तुम्ही आता रेडिओवर फक्त ऐकत जा.

तसं पाहिलं तर ही मोठी जबाबदारी आहे.

४ डिसेंबर
पाऊस. दुपारी सामान ओढणाऱ्या गाडीची टाकी फुटली, डिझेल नाल्याकडे निघालं. मी केबिनमध्ये, रेडिओ टेबलावर.

बाईंनी हाक दिली. उत्तर मेहुण्याने दिलं. म्हणाला, पोचलोय, भाऊजींना बंद करतो.

मला काय वाटलं कोण जाणे. रेडिओ उचलला आणि म्हटलं, बोल रे.

पलीकडे पाण्यातून धावणारी पावलं ऐकू आली.

मग तो दुसऱ्या कोणाला तरी सांगत होता, भाऊजी नुसता आवाज करतात, खाली येत नाहीत, पहार दे. लोखंड घासल्याचा आवाज आला. मग फिटर म्हणाला, बसले. मेहुणा म्हणाला, भाऊजी बंद. घट्ट बंद. बाई म्हणाल्या, भाऊजी बंद, ओके.

तेल तलावातच अडकलं. खाडीत थेंब गेला नाही. पलीकडे आता त्याचे तराफेही नाहीत. घरी आलो तर बायकोने टेबलावरचा पेला घासून पालथा घातला होता.

कोणते भाऊजी, असं दिवसभरात कुणीही कुणाला विचारलं नाही. संदर्भावरून कळतं.